इंग्लंडच्या खेड्यांतून तीन-चार दिवस चालायचंय? आधी मुक्काम ठरवा, वाट नंतर

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या चालायच्या वाटांचा नकाशा दाखवला की तो आधी उंची बघतो आणि मग हसतो. उत्तर इंग्लंडातल्या रोमन भिंतीलगत जाणाऱ्या हेड्रियन्स वॉल पाथवरची सगळ्यात उंच जागा म्हणजे विन्शील्ड्स क्रॅग, ती ३४५ मीटर. आपलं पुणे शहर त्याच्यापेक्षा वर आहे. हे तर आम्ही चपला घालून करू असं म्हणत लोक रजा टाकतात, तिकिटं काढतात आणि एप्रिलमध्ये मे महिन्याचं बुकिंग करायला बसतात, तेव्हा कळतं की ज्या गावात मुक्काम करायचा त्या गावात मुळात खोल्याच पाच-सहा आणि त्या सगळ्या कधीच्या गेल्यात.

आपल्याकडे कसं, गुहेत नाहीतर देवळात पथारी टाकली, किंवा पायथ्याच्या गावात आदल्या दिवशी फोन केला की कुणाच्या तरी ओसरीवर सोय होते आणि वर पिठलं-भाकरी मिळते. इंग्लंडात हे नाही. तंबू टाकतो म्हणाल तर तेही नाही, डार्टमूरचा काही भाग सोडला तर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर तंबू ठोकता येत नाही. त्यामुळे इथे रात्री कुठे झोपणार ते आधी ठरवायचं आणि दिवसाची चाल त्यावरून काढायची. उलटं केलंत तर संध्याकाळी सहाला पावसात उभं राहून टॅक्सी शोधत बसाल, आणि खेड्यात टॅक्सी म्हणजे सगळ्या पंचक्रोशीत एक-दोन.

नुकतेच यूकेत आलेले, किंवा मुलाकडे-मुलीकडे उन्हाळ्यात येणारे आई-बाबा ज्यांचे पाय अजून धडधाकट आहेत, त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. उदाहरण म्हणून हेड्रियन्स वॉल घेतलीय, कारण आपण किल्लेवेडी माणसं आणि इथे चालता चालता तटबंदी, बुरूज, खंदक सगळं बघायला मिळतं.

पायरी १ : कुठली वाट आणि तिचा कुठला तुकडा

नॅशनल ट्रेल म्हणून ज्या मोठ्या वाटा आहेत त्यांच्या पाट्यांवर ओकच्या फळाची खूण असते, ती दिसत राहिली की समजायचं बरोबर चाललोय. लंडनच्या जवळ राहत असाल तर साऊथ डाउन्स वे सोयीची, विंचेस्टर ते ईस्टबोर्न १०० मैल, खडूच्या पांढऱ्या टेकड्या आणि अधूनमधून रेल्वे स्टेशनं, त्यामुळे शनिवार-रविवारच्या तुकड्यांत पण होते. कॉट्सवोल्ड वे चिपिंग कॅम्पडेन ते बाथ १०२ मैल, पिवळसर दगडाची घरं, एकापाठोपाठ एक गावं, पण सगळ्या जगाला माहीत झाल्यामुळे खोल्या महाग आणि शनिवारची एकच रात्र द्यायला बरेच जण तयार नसतात. नदीकाठाने शांत चालायचं असेल तर डेल्स वे आहे, ती नॅशनल ट्रेल नाही पण इल्कलीपासून विंडरमियर तळ्यापर्यंत साधारण ८० मैल छान जाते. पेनाइन वे २६८ मैल, १९६५ साली उघडलेली, सगळ्यात जुनी नॅशनल ट्रेल. तिचं नाव ऐकून ठेवा, पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नका.

आता हेड्रियन्स वॉल. रोमन सम्राट हेड्रियन याने इसवी सन १२२ मध्ये ही भिंत बांधायला घेतली, उत्तर इंग्लंड आडवं कापत पूर्व किनाऱ्याजवळून पश्चिम किनाऱ्यापर्यंत. तिच्या सोबतीने जाणारी पायवाट ८४ मैल म्हणजे १३५ किलोमीटर, न्यूकासलजवळच्या वॉल्सेंडपासून बोनेस-ऑन-सॉलवेपर्यंत, आणि लोक ती साधारण सहा-सात दिवसांत करतात.

मला विचाराल तर पहिल्यांदा पूर्ण करू नका. पहिला दिवस बराचसा न्यूकासल शहरातून टाइन नदीच्या कडेने जातो. वॉल्सेंडच्या मेट्रो स्टेशनवर लॅटिनमध्ये पाट्या लावल्यात तेवढी गंमत सोडली तर डांबर आणि काँक्रीट तुडवायचं. शेवटचा दिवस कार्लाइलच्या पुढे खाडीकाठाने सपाट, तिथे मोठ्या भरतीला रस्त्यावर पाणी येतं म्हणून भरतीचं वेळापत्रक बघून निघावं लागतं. भिंतसुद्धा या दोन्ही टोकांना जवळपास दिसत नाही, दगड लोकांनी कधीच घरं, चर्चं आणि कुंपणं बांधायला नेलेत. खरा माल मधल्या तीन दिवसांत आहे, चॉलरफर्ड ते गिल्सलंड आणि थोडं पुढे. तेवढंच करा, नीट करा.

पायरी २ : महिना

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी धडपडत उतरायची वेळ येत नाही. जुलै-ऑगस्ट चालतो पण शाळांना सुट्ट्या असतात, गर्दी आणि भाव दोन्ही वर. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आधीच काळोख.

नोव्हेंबर ते एप्रिल या वाटेवर जाऊच नका, नुसतं थंडीमुळे नाही. जमीन भिजलेली असते आणि बुटांनी तुडवली की खाली गाडले गेलेले रोमन अवशेष खराब होतात, म्हणून वाट सांभाळणारे लोक स्वतःच विनंती करतात की या काळात भिंतीलगत चालू नका. वाटेवर शिक्के मारून घ्यायचा एक पासपोर्ट मिळतो, त्याचे शिक्केसुद्धा फक्त मे ते ऑक्टोबर.

पावसाचं काय, तर पाऊस कुठल्याही महिन्यात. पण आपल्या आषाढासारखा कोसळणारा नाही, रिपरिप, आणि वारा असा की पाऊस आडवा येतो. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला चाललात तर तोंडावर. तरीही बहुसंख्य लोक त्याच दिशेने जातात आणि मीही तसंच सुचवीन, कारण वाट हळूहळू रंगत जाते. वाऱ्याचा फारच त्रास होत असेल तर उलटं करा, पाट्या दोन्ही बाजूंनी आहेत.

पायरी ३ : रोज किती

इथे सगळं मैलात, एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, हे डोक्यात बसेपर्यंत दोन दिवस जातात. १२ मैल ऐकायला कमी वाटतात पण १९ किलोमीटर झाले. हिशेबासाठी नेस्मिथचा नियम वापरा, १८९२ साली एका स्कॉटिश गिर्यारोहकाने काढलेला : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा न थांबता चालणाऱ्या फिट माणसाचा हिशेब आहे, आपण फोटो काढणार, चहा पिणार, किल्ला बघणार, म्हणून त्याच्या दीडपट धरा. पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवसाला ८ ते १२ मैल, आई-बाबा बरोबर असतील तर ६ ते ८.

माझा तीन दिवसांचा आराखडा असा. आदल्या संध्याकाळी हेक्सहॅमला पोचायचं, छोटं टुमदार गाव आहे, मोठी दुकानं आहेत, राहिलेली खरेदी तिथे होते. सकाळी एडी १२२ नावाची बस, हो, भिंत सुरू झाली ते सालच बसचा नंबर, ती पकडून चॉलरफर्डच्या चेस्टर्स किल्ल्याशी उतरायचं. नदीकाठी रोमन घोडदळाचा किल्ला आणि त्यांचं स्नानगृह बघून चालायला लागायचं ते वन्स ब्रूडपर्यंत, सुमारे १२ मैल. दुसऱ्या दिवशी वन्स ब्रूड ते गिल्सलंड, आठ-नऊ मैल. तिसऱ्या दिवशी गिल्सलंडहून बर्डोस्वल्डचा रोमन किल्ला, तिथे पोटभर बघून पुढे वॉल्टनपर्यंत, पुन्हा आठेक मैल. एक दिवस जास्त असेल तर तो शेवटी लावू नका, वन्स ब्रूडला दोन रात्री राहा आणि विंडोलांडा हा जवळचा रोमन किल्ला बघा.

पहिल्या दिवसाबद्दल थोडं सांगतो कारण फसगत तिथेच होते. सुरुवातीचे काही तास वाट लष्करी रस्त्याला धरून जाते, हा रस्ता अठराव्या शतकात सैन्य हलवायला बांधला आणि त्याच्या पायात भिंतीचेच दगड घातले, त्यामुळे भिंत कुठेय भिंत कुठेय करत तुम्ही कंटाळता. पण उजवीकडे खंदक बघत चला. लाइमस्टोन कॉर्नरला तो खंदक खणता खणता रोमन लोक कातळापुढे हरले आणि काम अर्धवट सोडून गेले, पाचर ठोकायला पाडलेल्या खाचा अजून दगडात दिसतात. मग सूइंगशील्ड्सपासून जमीन उचलली जाते आणि एकदम उत्तरेला कडा. हा व्हिन सिलचा काळा डोलेराइट, जमिनीखालीच थिजलेला शिलारस, आपल्या बेसाल्टचा भाऊबंदच, त्यामुळे सह्याद्रीवाल्याला इथे उगाचच घरी आल्यासारखं वाटतं. भिंत त्या कड्याच्या अगदी धारेवरून जाते.

हाऊसस्टेड्स किल्ल्यात कोठारं, बराकी सगळं आहे पण लोक गर्दी करतात ती सैनिकांच्या सामायिक संडासाभोवती, पाण्याचे पाट आणि बसायच्या जागांचा अंदाज अजून येतो. किल्ल्याला लागून पश्चिमेला झाडीतला एक छोटा तुकडा आहे, तिथे भिंतीच्या माथ्यावरून चालायची परवानगी आहे. बाकी कुठेही भिंतीवर चढायचं नाही, रील काढायला तर नाहीच.

तिथून पुढचे दोन-तीन मैल म्हणजे करवतीचे दाते, दगडी पायऱ्यांनी खाली खिंडीत उतरायचं की लगेच समोर चढायचं, पुन्हा उतरायचं. उंची किरकोळ पण दिवसभर चालून झाल्यावर गुडघे बोलायला लागतात, आणि ओल्या दगडावर बूट सरकतो. यातल्याच एका खिंडीत सिकॅमोर गॅपचं ते प्रसिद्ध झाड होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीत कुणीतरी ते कापलं, पुढे दोघांना शिक्षा झाली, आणि बुंध्याला नंतर नवे कोंब फुटलेत. तिथे कुंपण आहे, आत जाऊ नका. स्टील रिगचा शेवटचा उतार झाला की मुक्काम अर्ध्या तासावर.

पायरी ४ : खोल्या

आता मुख्य काम. जानेवारी-फेब्रुवारीतच बसा. कागदावर गावांची नावं एकाखाली एक लिहा आणि सगळ्यात कमी खोल्या असलेलं गाव आधी बुक करा. आपल्या आराखड्यात ते म्हणजे वन्स ब्रूड, तिथे गाव असं काही नाहीच, एक यूथ हॉस्टेल, एक सराईवजा पब आणि आजूबाजूला विखुरलेली घरं. ते मिळालं की मग गिल्सलंड, मग हेक्सहॅम. वन्स ब्रूडची जी तारीख मिळेल तिच्याभोवती बाकीचा सगळा प्लॅन सरकवा. विमानाचं तिकीटसुद्धा शक्य असेल तर त्यानंतर.

राहायचे प्रकार तीन. बी अँड बी म्हणजे कुणाच्या तरी घरातली किंवा घराला लागून असलेली खोली आणि सकाळचा नाश्ता, दोघांच्या खोलीला साधारण ९० ते १४० पौंड. पबच्या वरच्या खोल्या, भाव तेवढाच, फायदा हा की जेवायला जिना उतरला की झालं, तोटा हा की शुक्रवारी रात्री खालचा आवाज वर येतो. आणि हॉस्टेल, तिथे सामायिक खोलीत बेड स्वस्त पडतो, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर वापरायला मिळतं, त्यामुळे कांदा-लसूणही न खाणाऱ्यांसाठी तोच एक पर्याय मी खात्रीने सुचवीन.

बी अँड बीमध्ये दुपारी चारच्या आधी दार उघडेलच असं नाही. किती वाजता येणार ते आधी कळवायचं, दारातच चिखलाचे बूट काढायचे, ओले रेनकोट कुठे वाळत घालू असं विचारायचं, बहुतेक ठिकाणी त्यासाठी उबदार खोली ठेवलेली असते. गाव लांब असेल तर काही मालक वाटेवरून गाडीने घेऊन येतात आणि सकाळी परत सोडतात, पण हे बुकिंग करतानाच विचारा, तिथे पोचल्यावर नाही.

पायरी ५ : जायचं कसं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूकासल साधारण तीन तास, तिथून कार्लाइलकडे जाणारी छोटी गाडी हेक्सहॅम, हेडन ब्रिज, हॉल्टव्हिसल करत जाते. लांबच्या गाडीचं ॲडव्हान्स तिकीट काही आठवडे आधी काढलंत तर निम्म्याहून कमी पडू शकतं, आयत्या वेळी काढलंत तर डोळे पांढरे होतात. दोघं जात असाल तर टू टुगेदर रेलकार्ड, आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड, दोन्हीवर एक तृतीयांश सूट आणि त्यासाठी यूकेचे रहिवासी असायची गरज नाही.

एडी १२२ बस सीझनपुरती असते आणि वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते बघितल्याशिवाय पहिला दिवस आखू नका. संध्याकाळची शेवटची बस आपल्या एसटीपेक्षा फार लवकर असते. आणि एक चकवा, गिल्सलंडला रेल्वेचे रूळ गावातून जातात, गाड्या धडधडत जाताना दिसतात, पण स्टेशन १९६७ सालीच बंद झालंय. तिसऱ्या दिवशी वॉल्टनहून ब्रॅम्प्टन किंवा हॉल्टव्हिसलच्या स्टेशनपर्यंत टॅक्सी लागणार, ती आदल्या आठवड्यात फोन करून सांगून ठेवायची, आणि ब्रॅम्प्टनचं स्टेशन ब्रॅम्प्टन गावापासून लांब आहे हे टॅक्सी सांगताना लक्षात असू द्या.

पायरी ६ : सामान, आणि काय घालायचं

मोठी बॅग पुढच्या मुक्कामी नेऊन टाकणाऱ्या कंपन्या या वाटेवर आहेत, एका बॅगेला एका टप्प्याचे दहा-पंधरा पौंड धरा, सकाळी नवाच्या आसपास बॅग दारात ठेवायची की संध्याकाळी पुढच्या खोलीत हजर. ट्रेकरचा अभिमान थोडा बाजूला ठेवा आणि ही सोय घ्या, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल तर. मग पाठीवर फक्त वीसेक लिटरची छोटी सॅक.

बूट नवे घेऊन थेट इकडे येऊ नका. महिनाभर आधी पर्वती नाहीतर हनुमान टेकडी, इकडे असाल तर जवळचं पार्क, रोज तेच बूट घालून. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ चांगले, कारण इथे पाऊस थांबला तरी गवत दुपारपर्यंत ओलं असतं आणि फाटकापाशी गाईंनी तुडवून चिखलाचं डबकं केलेलं असतं. मोजे लोकरीचे, कॉटनचे अजिबात नाही. पोंचो घरी ठेवा, या वाऱ्यात तो अंगावर राहत नाही, हुडाचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वरून चढवायची वॉटरप्रूफ पँट हवी. जीन्स नको. आत पातळ थर दोन-तीन, टोपी, जूनमध्येसुद्धा पातळ हातमोजे.

मोज्यांवरून आठवलं, विंडोलांडाला १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली रोमन पत्रं सापडायला लागली, आणि त्यातल्या एकात घरच्यांनी की मित्रांनी सैनिकाला मोजे, दोन जोड सँडल आणि दोन चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे इथली थंडी आणि ओल एकोणीसशे वर्षांपूर्वीही लोकांना पुरून उरत होती. दुसऱ्या एका पत्रात एका बाईने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलंय. यातली बहुतेक पत्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, पण जागा बघायलाच हवी.

बाकी किरकोळ : फोडांसाठी ब्लिस्टर प्लास्टर, टाच चुरचुरायला लागली की त्याच क्षणी लावायचं, मुक्कामाला पोचून नाही. पॉवर बँक, इथल्या तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर, शिट्टी, हेडटॉर्च, नेहमीची औषधं आणि गोचीड काढायचा छोटा चिमटा.

पायरी ७ : खाणं

बी अँड बीचा नाश्ता दणकून असतो. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि आदल्या रात्री परत सांगा, बीन्स, मश्रूम, टोमॅटो, टोस्ट, हॅश ब्राउन असं ताटभर मिळतं. पण इथे व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं असंच धरतात, अंडं नको असेल तर ते वेगळं सांगायचं. दूधही नको असेल तर सरळ व्हीगन म्हणून मोकळं व्हा.

दुपारचं जेवण वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका, पहिल्या दिवशी चॉलरफर्डनंतर मैलोन् मैल काही नाही. बी अँड बीवाले सांगितलं तर सँडविच बांधून देतात. मी खाकरा, चटणी, शेंगदाण्याची चिक्की आणि केळी या मताचा आहे, पाव लिबलिबीत होतो, खाकरा चुरा झाला तरी खाता येतो. लेस्टर किंवा वेंब्लीच्या दुकानांत हे सगळं मिळतं, भारतातून तुपातले लाडू-बर्फी आणायच्या भानगडीत पडू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे.

रात्रीचं जेवण पबमध्ये, मेन डिश १४ ते २० पौंडाच्या घरात, मेन्यूवर व्ही लिहिलेलं शाकाहारी. बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि पैसे तिथेच, टेबलावर हात वर करून बसलात तर बसूनच राहाल. स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, पब अकरापर्यंत उघडा दिसला तरी जेवण मिळत नाही. रविवारी तर दुपारचं मोठं जेवण झालं की संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी चूल बंद, सोमवारी काही पबच बंद. मुक्कामाचा वार रविवार-सोमवार असेल तर आधीच फोन. आणि बॅगेत दोन-तीन पाकिटं पोहे-उपम्याची असू द्या, ज्यात नुसतं गरम पाणी ओतायचं, कारण खोलीत दुसरं काही नसलं तरी किटली असतेच. नळाचं पाणी सगळीकडे पिण्यालायक, बाटली भरून मागितली तर पबवाले नाही म्हणत नाहीत. शेतातल्या ओढ्याचं मात्र नको, वर मेंढ्या असतात.

पायरी ८ : वाट ओळखणं, फाटकं आणि गाई

इंग्लंडात कुणाच्याही शेतातून चालता येतं असं नाही, पण शेतांतून जाणाऱ्या हक्काच्या वाटा मात्र देशभर आहेत. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलसुद्धा. पहिल्यांदा कुणाच्या अंगणातून, गोठ्याला खेटून जाताना आपल्याला संकोच होतो, कुणी ओरडेल का असं वाटतं. नाही ओरडत, फक्त वाट सोडायची नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला नकाशा घ्या, या भागाचा नंबर ओएल ४३, १:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या. त्यात प्रत्येक कुंपणाची भिंतसुद्धा आखलेली असते. ॲप पण आहे, पण त्यातला नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या, कड्यांखाली रेंज येत-जात असते. गुगल मॅप्स शहरात वापरा, इथे ते तुम्हाला लष्करी रस्त्याने घालतात आणि त्या रस्त्यावर गाड्या सुसाट असतात, फुटपाथ नाही.

फाटक जसं होतं तसं ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. काही ठिकाणी फाटकाऐवजी दगडी कुंपणात बाहेर आलेल्या पायऱ्या असतात, चढून पलीकडे उतरायचं, गुडघे दुखणाऱ्यांनी पाठमोरं उतरावं.

गाई गरीब असतात हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून हे नीट वाचा. वासरं बरोबर असलेला कळप असेल तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, पाठीवर हात फिरवायला तर अजिबात नको. इंग्लंडात दरवर्षी गाईंनी तुडवल्यामुळे माणसं जखमी होतात, काही मरतातही. शांतपणे, न पळता, कडेकडेने. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, तो पळून जातो आणि तुम्ही सुटता.

संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड चिकटलीय का बघा. तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चिमट्याने कातडीला टेकवून सरळ वर ओढायची, चिरडायची नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टर.

पायरी ९ : काही झालं तर

सकाळी निघताना मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, अंदाज बघायचा, वीज-वादळ असेल तर कड्याची धार टाळून खालच्या रस्त्यावरची बस पकडायची. मदत हवी असेल तर ९९९ किंवा ११२, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. बोलायला रेंज पुरत नसेल तर मेसेज करता येतो, पण त्यासाठी इथल्या सिमवरून आधीच ९९९ ला रजिस्टर हा इंग्रजी शब्द पाठवून नोंद करावी लागते, ते हेक्सहॅमला बसल्या बसल्या करून टाका. शिट्टीची खूण म्हणजे मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. माउंटन रेस्क्यूची माणसं स्वयंसेवक आहेत आणि पैसे घेत नाहीत. हॉस्पिटलचं मात्र तसं नाही, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना तातडीच्या विभागात बघतात पण पुढे दाखल केलं तर बिल येतं, आई-बाबांचा प्रवास विमा काढताना चालणं, ट्रेकिंग त्यात धरलंय का आणि जुनी दुखणी धरलीत का ते वाचूनच सही करा.

आणि रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मालकाला सांगा की आज इथून तिथे चाललोय, साधारण पाचपर्यंत पोचेन. उशीर होणार असेल तर पुढच्या मुक्कामाला फोन करा, नुसता मेसेज नाही. साताठ वाजले तरी पाहुणा आला नाही म्हणून शोधाशोध सुरू झालेली असते, आणि आपण तेव्हा दोन मैलांवर पबमध्ये चिप्स खात बसलेलो असतो.